सरोवर-गाळातील भूकंपनोंदी

सरोवराच्या तळाशी वर्षानुवर्षे साचत गेलेल्या गाळाच्या थरांत प्राचीन भूकंपांच्या खुणा शोधणे, त्यांचा काळ ठरविणे व त्यांवरून एखाद्या प्रदेशाचा भूकंपीय इतिहास जुळविणे, या अभ्यासाचा येथे विचार केला आहे. ही पुराभूकंपविज्ञानाची एक शाखा होय. उपकरणांनी नोंदलेल्या किंवा ग्रंथांत वर्णिलेल्या काळाच्या मागे जाऊन भूकंपांचा मागोवा घेणे, हे पुराभूकंपविज्ञानाचे कार्य आहे.

या अभ्यासाची गरज पुढील गोष्टींवरून स्पष्ट होते. भारतात भूकंपलेखक प्रथम १८९८ मध्ये कोलकात्यातील अलीपूर येथे व १८९९ मध्ये मुंबईतील कुलाबा येथे बसविण्यात आले. म्हणजे उपकरणांनी मिळालेली माहिती सु. सव्वाशे वर्षांची आहे. बखरी, दप्तरे व प्रवासवर्णने यांतील उल्लेख आणखी काही शतके मागे जातात. परंतु ते विस्कळीत आहेत. उलट दख्खनच्या पठारासारख्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागांत एकाच विभंगावर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते. सव्वाशे वर्षांत भूकंप झाला नाही, एवढ्यावरून तेथे तो होतच नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपाने हा धोका प्रत्यक्षात दाखवून दिला. त्याची महत्ता ६·२ होती आणि त्यात सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भारताच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. पुढे २००२ मध्ये हा नकाशा सुधारण्यात आला; तेव्हा पहिला विभाग रद्द होऊन तो दुसऱ्यात समाविष्ट झाला व किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला.

सरोवराची उपयुक्तता : नदी आपणच साठविलेला गाळ पुन्हा खणून नेते, तर उघड्या जमिनीवरील थर वारा, पाऊस व नांगर यांनी विस्कटतात. सरोवराच्या खोल तळाशी मात्र पाणी संथ असते आणि गाळ एकावर एक, सहसा खंड न पडता साचतो. पावसाळ्यात वाहून आलेला जाडसर, फिकट गाळ व इतर काळात बसणारा सूक्ष्म, काळपट जैव गाळ यांमुळे काही सरोवरांत दरवर्षी एक जोडथर तयार होतो. अशा जोडथरांना वार्षिक स्तर म्हणतात. झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे ते मोजता येतात. तळाजवळच्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यास किडे व कृमी गाळ उकरीत नाहीत आणि हे स्तर विशेष रेखीव राहतात. अशा रेखीव स्तरांत मध्येच आलेला विस्कळीत थर लगेच लक्षात येतो.

भूकंपाचे गाळावर होणारे परिणाम : भूकंपाच्या धक्क्याने सरोवरातील गाळावर मुख्यत्वे चार प्रकारचे परिणाम होतात.

(१) काठाकडील उतारांवर साचलेला मऊ गाळ पाण्याखालीच घसरतो. ही घसरण एकाच वेळी अनेक उतारांवर झाली, तर ती भूकंपाची ठळक खूण मानतात.

(२) घसरलेला गाळ पाण्यात मिसळून दाट, गढूळ प्रवाह तयार होतो व तो तळाच्या सर्वांत खोल भागाकडे वाहत जातो. तेथे तो बसताना जड वाळूचे कण आधी व सूक्ष्म मृत्कण नंतर खाली येतात. त्यामुळे खालून वर बारीक होत जाणारा थर निर्माण होतो. असे थर काही मिलिमीटरांपासून अनेक मीटरांपर्यंत जाडीचे असतात.

(३) धक्क्यामुळे किंवा मोठ्या घसरणीमुळे सरोवराचे पाणी ताटातील पाण्याप्रमाणे मागेपुढे हेलकावते. या हेलकाव्यास सेश म्हणतात. त्यामुळे अतिसूक्ष्म गाळ बराच काळ तरंगत राहतो आणि अखेर एकजिनसी जाड थराच्या रूपाने बसतो.

(४) सपाट तळावरील पाण्याने भिजलेला गाळ जागच्या जागी विरूप होतो. वाळूच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढून कणांची परस्परांवरील पकड सुटते व वाळू द्रवासारखी वागू लागते. या क्रियेस द्रवीभवन म्हणतात. परिणामी वरच्या थरात घुसलेल्या वाळूच्या भित्ती, ज्योतीच्या आकाराची टोके, गोळे, वळ्या व लहान विभंग निर्माण होतात. त्यांवर पुढे बसलेले थर मात्र सपाट व अबाधित असतात. त्यामुळे विरूपण केव्हा झाले ते ठरविता येते.

काही वेळा भूकंप स्वतःच सरोवर निर्माण करतो. १२ जून १८९७ च्या आसाममधील मोठ्या भूकंपात चेडरांग विभंगाजवळ जमीन उचलली जाऊन प्रवाह अडले व तळी तयार झाली. त्यांचे वर्णन आर. डी. ओल्डम यांनी केले आहे. १६ जून १८१९ च्या कच्छमधील भूकंपात अल्ला बंद हा उंचवटा वर आला, तर त्याच्या दक्षिणेकडील सिंद्रीचा भाग खचून पाण्याखाली गेला. अशा तळ्यातील सर्वांत खालच्या गाळाचे वय म्हणजे जवळजवळ त्या भूकंपाचेच वय होय.

इतिहास : भूकंपाने विस्कटलेल्या थरांना ‘सीस्माइट’ हे नाव ए. झायलाखर या जर्मन पुराजीववैज्ञानिकांनी १९६९ मध्ये दिले. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फर्नांडो येथे भूकंप झाला. त्यानंतर जॉन सिम्स यांनी तेथील व्हॅन नॉर्मन या कृत्रिम जलाशयातील उघड्या पडलेल्या गाळाचा अभ्यास केला. विरूपित थरांचे तीन पट्टे त्यांना आढळले व त्यांची सांगड १९३०, १९५२ व १९७१ या वर्षांच्या भूकंपांशी घालता आली. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञात भूकंपाच्या खुणा गाळात खरोखरच उमटतात व टिकतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. अज्ञात भूकंपांच्या शोधासाठी हा आधार महत्त्वाचा ठरला. अवघ्या काही दशकांच्या कृत्रिम जलाशयातूनही अशी नोंद मिळू शकते, ही गोष्टही त्यातून दिसून आली.

कार्यपद्धती : प्रथम नावेतून ध्वनितरंग पाण्यात सोडून ते तळावरून व तळाखालील थरांवरून परावर्तित होऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. त्यावरून गाळाचा उभा छेद मिळतो व घसरणींचे ढीग कोठे आहेत ते कळते. त्यानंतर तराफ्यावरून पोकळ नळी गाळात दाबून किंवा ठोकून घुसवितात व गाळाचा लांब, दंडगोलाकार नमुना बाहेर काढतात. त्यास गाभा म्हणतात. गाभा उभा चिरून त्याचे एक अर्धुक जपून ठेवतात व दुसऱ्याची चाचणी करतात. क्ष-किरण छायाचित्रण, कणांच्या आकारमानाचे मापन, चुंबकीय ग्रहणशीलता, रासायनिक मूलद्रव्यांचे प्रमाण व सूक्ष्मजीवांचे अवशेष यांवरून प्रत्येक थराचे मूळ ठरवितात. एकाच सरोवरातून अनेक ठिकाणचे गाभे घेऊन त्यांतील थर परस्परांशी जुळविणे आवश्यक असते.

कालमापन : वार्षिक स्तर असल्यास ते वरून खाली मोजतात. एरवी गाळातील पाने, बिया वा कोळसा यांचे वय किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीने काढतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे असून या पद्धतीची मर्यादा सु. ५०,००० वर्षांपर्यंत आहे. अलीकडील शंभर-सव्वाशे वर्षांच्या थरांसाठी सु. २२ वर्षे अर्धायुष्य असलेले शिसे-२१० उपयोगी पडते. अणुबाँबच्या वातावरणातील चाचण्यांमुळे जगभर पसरलेल्या सिझियम-१३७ चे प्रमाण १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होते. तो थर ओळखता आला, म्हणजे एक निश्चित वर्ष मिळते. वाळूचे कण शेवटचे केव्हा सूर्यप्रकाशात होते, हे प्रदीपन पद्धतीने ठरविता येते. ज्वालामुखीच्या राखेचे थरही कालदर्शक खुणा म्हणून वापरतात.

भूकंप की अन्य कारण : गाळातील प्रत्येक विस्कळीत थर भूकंपाचाच असतो असे नाही. मोठा पूर, दरड कोसळणे, पाण्याची पातळी झपाट्याने उतरणे, वादळी लाटा किंवा गाळाच्या स्वतःच्या भाराने झालेली घसरण यांमुळेही तसे थर निर्माण होतात. पुराने आणलेल्या थरात जमिनीवरील पालापाचोळा व माती विपुल असते, नदीच्या मुखाकडे त्याची जाडी वाढत जाते आणि पूर चढून ओसरल्याची छाप कणांच्या आकारमानात दिसते. भूकंपजन्य थरातील गाळ बहुधा सरोवरातीलच, आधी साचलेला व पुन्हा हललेला असतो. परस्परांपासून दूर असलेल्या उतारांवरील घसरणी एकाच काळातील असणे व शेजारच्या दुसऱ्या सरोवरातही त्याच काळाचा विस्कळीत थर मिळणे, हे भूकंपाच्या बाजूचे सर्वांत भक्कम पुरावे होत. याखेरीज ज्ञात ऐतिहासिक भूकंपाचा थर त्याच सरोवरात सापडतो का, हे आधी तपासून पाहतात.

जगातील काही निष्कर्ष : स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न सरोवरात १८ सप्टेंबर १६०१ च्या भूकंपानंतर उंच लाटा उठल्या व त्या सरोवरातून निघणाऱ्या रॉइस नदीचा प्रवाहही काही वेळ विचलित झाला. शहराचे लेखनिक रेनवार्ड सीसाट यांनी त्याचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. चारशे वर्षांनंतर सरोवराच्या तळाशी त्याच काळातील अनेक घसरणी आढळल्या. या ज्ञात नोंदीच्या आधारे त्याखालील घसरणींचा अर्थ लावता आला व गेल्या सु. १५,००० वर्षांतील प्रागैतिहासिक भूकंपांचा शोध लागला. न्यूझीलंडमधील आल्प्स विभंगावर होकुरी ओढ्याकाठच्या दलदलीत गाळ व वनस्पतिज थर आलटून पालटून साचलेले आहेत. त्यांवरून सु. ८,००० वर्षांत २४ मोठे भूकंप झाल्याचे व त्यांच्यातील सरासरी अंतर सु. ३३० वर्षे असल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. मृत समुद्राच्या तळातून काढलेल्या दीर्घ गाभ्यावरून सु. २,२०,००० वर्षांची भूकंपनोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे मोठे भूकंप समान अंतराने न होता गटागटाने झाल्याचे दिसून आले. ‘एवढ्या वर्षांनी पुढचा भूकंप येणार’ असे साधे गणित मांडता येत नाही, हा त्याचा अर्थ होय.

भारतीय उपखंडात हिमालयातील जुन्या, आता आटलेल्या सरोवरांचे थर अभ्यासासाठी सोईचे ठरले आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात सुमदो परिसरातील सरोवरी गाळात विरूपित थर आढळले असून ते भूकंपजन्य मानतात. याच भागात १९ जानेवारी १९७५ रोजी किन्नौरचा भूकंप झाला. पश्चिम नेपाळमधील रारा सरोवराच्या गाळावरून, १५०५ च्या मोठ्या भूकंपानंतर शांत समजला गेलेला हा प्रदेश तितका शांत नव्हता, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले.

महाराष्ट्रातील परिस्थिती : दख्खनचे पठार लाव्ह्याच्या आडव्या थरांचे बनलेले असून त्यावर हिमनद्यांनी कोरलेली किंवा भूकवचाच्या खचण्याने झालेली खोल सरोवरे नाहीत. या दृष्टीने लोणार (जि. बुलढाणा) हे सरोवर अपवादात्मक ठरते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरात ते आहे. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. तेथील सु. १० मी. लांबीच्या गाभ्यावरून गेल्या सु. ११,००० वर्षांतील मोसमी पावसाचा इतिहास मांडण्यात आला असून सु. ४,६०० ते ३,९०० व सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ कोरड्या काळांच्या खुणा त्यात मिळाल्या. पावसाची नोंद इतकी चांगली ठेवणारा गाळ भूकंपाचीही नोंद ठेवू शकेल. मात्र हे सरोवर उथळ आहे आणि विवराच्या तीव्र उतारांवरील दरडी अतिवृष्टीनेही घसरतात. म्हणून तेथील विस्कळीत थरांचा अर्थ फार सावधपणे लावावा लागेल.

विदर्भाच्या पूर्व भागातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव कित्येक पिढ्यांपूर्वीचे आहेत. त्यांतील गाळ काही शतकांची नोंद देऊ शकेल. परंतु उन्हाळ्यात तलाव आटतात, गुरे चिखल तुडवितात व शेतकरी गाळ काढून शेतात टाकतात. २०१७ नंतर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेखालीही अनेक जलाशयांतील गाळ काढण्यात आला. शेतीस हे उपकारक असले, तरी गाळ काढण्यापूर्वी एखाद्या खोल जागेचा गाभा घेऊन ठेवल्यास दोन्ही हेतू साधतील. कोयना जलाशयाचे महत्त्व वेगळे आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे ६·३ महत्तेचा भूकंप झाला व त्यानंतरही त्या परिसरात लहानमोठे धक्के बसत राहिले. भूकंपांची तारीख व महत्ता निश्चित माहीत असल्याने, किती तीव्रतेच्या धक्क्याने बेसाल्टजन्य गाळ विस्कटतो, हे व्हॅन नॉर्मन जलाशयाप्रमाणेच येथे तपासता येण्याजोगे आहे.

ढाणकी व पैनगंगा खोरे : ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील गाव पैनगंगेच्या उत्तरेकडील भागात वसले आहे. नदीपलीकडे नांदेड जिल्हा लागतो. बेसाल्टचा खडक, त्यावरील काळी माती व नदीकाठचा गाळ अशी या परिसराची सर्वसाधारण रचना आहे. हा प्रदेश भूकंपांच्या दृष्टीने बराच काळ दुर्लक्षित होता. तथापि २००६ पासून काही वर्षे नांदेड शहरात सौम्य धक्क्यांची मालिका अनुभवास आली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर परिसरात अपिकेंद्र असलेला ४·५ महत्तेचा भूकंप झाला व काही मिनिटांतच ३·६ महत्तेचा दुसरा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातच पुन्हा ४·५ महत्तेचा भूकंप झाला. त्याचे धक्के यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातही जाणवले. हा परिसर ढाणकीच्या पश्चिमेस सु. ५०–६० किमी. अंतरावर आहे.

हे धक्के मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना आहेत किंवा नाहीत, हे केवळ त्यांवरून सांगता येत नाही. या भागात पूर्वी कधी मोठा भूकंप झाला होता काय, हा प्रश्न मात्र विचारता येतो व त्याचे उत्तर गाळात शोधता येते. नैसर्गिक सरोवर नसल्याने येथे तीन प्रकारची स्थळे उपयोगी पडतील : इसापूर धरणाचा जलाशय, पैनगंगेने सोडून दिलेल्या जुन्या पात्रांतील डबक्यांचा गाळ आणि नदीकाठच्या उंच दरडींतील जुने गाळथर. पहिल्या स्थळी काही दशकांचीच नोंद मिळेल, तर उरलेल्या दोन स्थळी ती हजारो वर्षांची असू शकेल. साधारणपणे भूकंपाची स्थानिक तीव्रता सहा-सात अंशांपर्यंत पोहोचल्याखेरीज गाळात ठळक खूण उमटत नाही. म्हणून २०२४ सारख्या धक्क्यांच्या खुणा सापडण्याची अपेक्षा करता येत नाही. किल्लारीसारख्या भूकंपाची खूण मात्र त्याच्या अपिकेंद्राजवळ सापडू शकेल.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. ही माती भिजली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, त्यांत वरची माती व वाळू पडते आणि पावसाळ्यात त्या मिटतात. या क्रियेमुळे मातीत गुळगुळीत, घासल्यासारखी पृष्ठेही तयार होतात. नदीकाठच्या दरडीत अशा भेगा व पृष्ठे भूकंपाच्या खुणांसारखी भासतात. त्यांतील फरक पुढीलप्रमाणे ओळखतात : उन्हाने पडलेली भेग वर रुंद असून खाली निमुळती होते व ती वरून भरलेली असते, भूकंपाने घुसलेल्या वाळूची भित्ती खालच्या वाळूच्या थराशी जोडलेली असून बहुधा वर निमुळती होत जाते. विहीर, शेततळे वा रस्त्याचे खोदकाम चालू असताना उघडा पडलेला छेद बुजविण्यापूर्वी पाहिला गेला, तर असा पुरावा हाती लागू शकतो.

मर्यादा व उपयोग : सरोवर-गाळातील नोंद भूकंपाची स्थानिक तीव्रता दर्शविते, महत्ता नव्हे. जवळचा मध्यम भूकंप व दूरचा मोठा भूकंप यांच्या खुणा सारख्याच दिसू शकतात. नुकतीच घसरण होऊन गेलेल्या उतारावर पुन्हा पुरेसा गाळ साचेपर्यंत पुढील भूकंपाची खूण उमटत नाही. कालमापनातही काही दशकांची अनिश्चितता राहते. या कारणांमुळे सरोवरी पुराव्याची जोड विभंगावर खणलेल्या खंदकांतील पुराव्याशी घालावी लागते. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथील विभंगावर खणलेल्या खंदकांत, त्याच दुबळ्या पट्ट्यात पूर्वीही हालचाल झाल्याची चिन्हे दिसली. त्यावरून १९९३ चा भूकंप जुन्या विभंगाच्या पुनर्जागृतीमुळे झाला असावा, असे मत मांडण्यात आले.

या अभ्यासाने पुढील भूकंपाचा दिवस सांगता येत नाही. एखाद्या प्रदेशात किती तीव्रतेचे धक्के बसू शकतात व ते साधारण किती काळाने बसतात, एवढे मात्र त्यावरून ठरविता येते. धरणांचे अभिकल्प, भूकंपप्रवणता नकाशे व बांधकामाची नियमावली यांस तोच आधार लागतो. किल्लारी परिसरातील बहुतेक जीवितहानी गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद कोसळल्याने झाली. जमीन हलणारी आहे हे आधी माहीत असते, तर दोन्ही अंगांचे दगड सांधणारे लांब दगड, भिंतींवरून फिरविलेला सलग पट्टा व हलके छप्पर अशा साध्या उपायांनी पुष्कळ जीव वाचले असते. पैनगंगेच्या खोऱ्यासारख्या, लिखित इतिहासात भूकंपाचा उल्लेख विरळा असलेल्या प्रदेशात ही माहिती देणारा दुसरा साक्षीदार नसतो. म्हणूनच तेथील गाळाचे थर नष्ट होण्यापूर्वी वाचले जाणे महत्त्वाचे आहे.